निरोप पोचला

पुणे, २ जून २०२३

तीर्थरूप पुष्पाआत्यास,
सुप्रियाचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस. लोणीला आई-बाबा ठीक आहेत, मीही ठीक आहे. फोन सोडून पत्र का लिहितेय ते सांगते.

तुम्हा आरोग्यसखींना संस्थेनं जे फोन दिलेत, त्यात लवकरच एक अ‍ॅप येणार आहे, ‘पाठीराखी’ नावाचं. बाळंतपणाची बाई असली की त्यातलं ‘गाडी बोलवा’ हे बटण दाबायचं, की घोडेगावहून संस्थेची जीप निघते. ते अ‍ॅप आमची कंपनी बनवतेय, आणि ते माणसाच्या हाताला कसं वागेल हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलंय. तू नेहमी विचारतेस ना, सुपे, तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस काय? तर हेच. बटण कुठं असावं, केवढं असावं, दाबल्यावर समोर काय दिसावं. वापरणाऱ्याला कुणाला विचारायची वेळ येऊ नये, एवढं सोपं करून द्यायचं.

तळेघरच्या सखींच्या यादीत तुझं नाव बघितलं आणि मला इतका आनंद झाला! आमच्यात पद्धत असते, वापरणाऱ्या माणसाकडून रोजची हकीकत लिहून घ्यायची. फोनवर माणसं ‘चांगलं आहे, चांगलं आहे’ म्हणतात. कागदावर खरं लिहितात. तर तू मला लिहिशील? कुठं अडलीस, कशाचा राग आला, बायका काय म्हणाल्या, जसं बोलतेस तसंच लिही. शुद्धलेखन बघू नकोस.

काकांना नमस्कार.
तुझी,
सुपी


तळेघर, १९ जुलै २०२३

चि. सुप्रियास आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा आवणी चालू व्हती. सगळ्या बायांम्होरं बांधावर वाचून दाखवलं. भाचीनं बनवलेलं अ‍ॅप आपल्या फोनात येणार म्हनून मी लई मिरवून घेतलं.

आता तू खरं लिही म्हनलीस म्हनून लिहिते. पहिली गोष्ट, हात वले असले की बटण दाबत न्हाई. पावसाळ्यात आमचे हात कोरडे असतात कवा? मी पदराला पुसते, पदर बी वला. दुसरी गोष्ट, अक्षर बारीक हाय. तिसरी गोष्ट म्हंजी ते चाक. बटण दाबलं की पांढरं चाक फिरत बसतं. वाडीत रेंज न्हाई, तर ते फिरतंच. परवा रखमाजीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मी बटण दाबलं, चाक फिरतंय, ती पोरगी माझ्या हातातल्या फोनाकडं बघून रडाया लागली. म्हनली, काकू, हे थांबत का न्हाई? चाक बघून बाया घाबऱ्या व्हत्यात बघ. मग मी पळत टेकडीवर गेले, तिथल्या खडकावर रेंज येती. तिथं चाक थांबलं, गाडी आली. मुलगा झाला. दोघं बरी हायती.

त्या चाकाचं काय तरी कर. टेकडी चढून माझे गुडघे बोलाया लागलेत.

जेवत जा येळच्या येळी.
तुझी आत्या,
पुष्पा


पुणे, २८ ऑगस्ट २०२३

आत्या,

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये उभं राहून वाचलं. ‘चाक बघून बाया घाबऱ्या व्हत्यात’ हे वाक्य सगळ्यांनी मला परत वाचायला लावलं. माझे साहेब म्हणाले, इतके दिवस आम्ही जे आकड्यांत शोधत होतो ते हिनं एका ओळीत सांगितलं. आता ते वाक्य आमच्या भिंतीवर लावलंय. मागं गणपतीत काढलेला तुझा तो फोटोपण लावलाय, त्यात तू छान दिसतेस.

आणि बदलपण केलाय! बटण मोठं केलं, तळहाताएवढं म्हण. ओल्या बोटानंही चालेल. अक्षर वाढवलं. आणि चाक काढून टाकलं. आता दाबलं की लगेच मोठी हिरवी खूण येते आणि खाली अक्षरं, ‘निरोप पोचला’. एका क्षणात. कुणी रडायचं नाही, कुणी घाबरायचं नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या फोनवर आपोआप येईल.

हे सगळं तुझ्यामुळं झालंय, आत्या. मला आतून फार बरं वाटतंय. इतकी वर्षं कुणाच्या तरी जेवणाच्या ऑर्डरी सोप्या करत होते.

तुझी,
सुपी


तळेघर, ५ नोव्हेंबर २०२३

चि. सुप्रियास आशीर्वाद.

हिरवी खूण आली. बायांना लई आवडली. मी बी निवांत झाले, टेकडी सुटली. दाबायचं, खूण दाखवायची, बाईला म्हनायचं, पोचला गं निरोप, आता निघंल गाडी. पोरीबाळी लगीच शांत व्हत्यात. तुझे उपकार.

दोन गोष्टी सांगायच्या हायेत. एक, संस्थेनं जीपचा फोननंबर बंद केला. सायबिण म्हनल्या, आता सगळं अ‍ॅपवरूनच, म्हंजी नोंद ऱ्हाती. आधीचा सोपान ड्रायव्हर बी गेला, नव्याचा नंबर आमाला दिला न्हाई.

दुसरी, मागल्या महिन्यात एकदा गाडी लई उशिरा आली. मी सकाळी आठाला दाबलं, खूण आली, गाडी आली अकराच्या पुढं. ड्रायव्हर म्हनला, मला निरोपच दहाला आला. मी म्हनले, न्हाई बा, माझ्याकडं आठालाच पोचलाय. आमची जुंपली. त्या बाईला पहिल्या कळा व्हत्या म्हनून निभावलं. पर माझ्या डोक्यातून जात न्हाई. मी बरोबर दाबते ना? दोनदा दाबावं लागतं का? तेवढं मला कळव. मला कुणाला विचारायची लाज वाटती, भाचीचं अ‍ॅप हाय म्हनून मिरवलंय.

वाट बघते.
आत्या


पुणे, १६ जानेवारी २०२४

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. डिसेंबरभर दिल्लीच्या बक्षिसाची तयारी चालली होती. आपल्या ‘पाठीराखी’ला पहिला नंबर मिळाला! स्टेजवर मागच्या पडद्यावर तुझा फोटो होता, अगदी भिंतीएवढा. मी साडी नेसले होते, तू लग्नात दिलेली मोरपिशी.

तू विचारलेलं ते नेटवर्कचं काहीतरी असेल. तू बरोबरच दाबतेस. एकदाच दाबायचं. काळजी करू नकोस.

घाईत आहे. मोठं पत्र नंतर लिहिते.
सुपी


तळेघर, २२ जुलै २०२४

सुप्रिया,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली.

कुशाबाची सून आरोही तुला ठाऊक न्हाई. एकवीस वर्षांची. नवरा संपत चाकणला कंपनीत हाय. पहिलटकरीण. तिचे नऊ महिने मी स्वतः मोजले, गोळ्या मी दिल्या, डोहाळजेवणात तिच्या डोक्यात गजरा बी मीच माळला.

नऊ तारखेला सकाळी साडेदहाला तिला कळा सुरू झाल्या. मी घरात व्हते, पाच मिंटात गेले. बटण दाबलं. खूण आली. निरोप पोचला. मी सगळ्यांना दाखवली. कुशाबा म्हनला, गोकुळची पिकअप खाली उभी हाय, तो मंचरला निघालाय, त्यात घालू का? गोकुळ बी दारात आला. म्हनला, काकू, मागं ताडपत्री टाकतो, गोधड्या टाकतो, चला.

मी न्हाई म्हनले.

मी म्हनले, पिकअपमदी हिसके बसतील, संस्थेच्या गाडीत नर्स असती, ऑक्सिजन असतो, गाडी निघालीय, तासाभरात येती. मी गोकुळला जा म्हनले. तो दोनदा मागं वळून बघत गेला.

साडेअकरा झाले. बारा झाले. प्रत्येक येळी मी फोन उघडून बघायची, खूण हायच. मी आरोहीला सांगायची, आलीच बघ. तिनं माझं मनगट धरलं व्हतं. एकला तिला अंगावरून जाया लागलं. वाडीत दुसरी गाडी न्हाई, सगळी माणसं शेतावर. दोनच्या सुमाराला मी फोन घेऊन टेकडीवर पळाले, कुणाला तरी फोन लावावा म्हनून. वर पोचले आणि फोन थरथरला. तासाभरानं जीप आली. साडेतीन झाले व्हते.

मुलगी व्हती. रस्त्यातच गेली. आरोहीला चार बाटल्या रक्त चढवलं. ती वाचली, पर तिला परत मूल व्हणार न्हाई.

आता संस्था म्हनती, सखीनं कळवायला उशीर केला. त्यांच्या कॉम्प्युटरवर नोंद हाय, निरोप दोन वाजून दहा मिंटांनी आला. कळा साडेदहाला, निरोप दोन दहाला, मधी काय करत व्हता, असं मला पाच माणसांम्होरं विचारलं. मी म्हनले, मी दहा पस्तीसला दाबलं. सायबिण म्हनल्या, कॉम्प्युटर खोटं बोलंल का?

सुपे, मी कवा दाबलं ते फोनात कुठं तरी लिहिलेलं असंल ना? तूच बनवलंय. मला एवढंच शोधून दे. मी घोडेगावला जाऊन तुला तीनदा फोन केला, तू उचलला न्हाईस.

पुष्पा


पुणे, ३ ऑगस्ट २०२४

आत्या,

बातमी इथं आधीच आली होती. मी फोन उचलला नाही, कारण कंपनीनं सांगितलंय की चौकशी होईपर्यंत सखींशी कुणी बोलायचं नाही. हे पत्रपण मी लिहायला नको.

तू कधी दाबलंस ते फोनमध्ये आहे. फोन कुणालाही देऊ नकोस. काहीही झालं तरी देऊ नकोस. मी कुणाला तरी घेऊन येते.

सुप्रिया


तळेघर, १२ ऑगस्ट २०२४

सुप्रिया,

तुझं पत्र आलं त्याच्या आठ दिस आधी फोन गेला. फोन संस्थेचाच व्हता. माझं सखीचं काम काढलं, फोन घेतला, पुसून साफ केला आणि नव्या सखीला दिला. ती हनुमंतची श्रेया. चांगली पोर हाय, माझ्याकडं आली व्हती, कसं दाबायचं विचारायला.

पर तुझ्या चिठ्ठीत एक वाक्य हाय. ‘तू कधी दाबलंस ते फोनमध्ये आहे.’ मी ते लई येळा वाचलं. मी दहावी पास हाय. फोनात एक येळ, संस्थेत दुसरी येळ, म्हंजी निरोप माझ्या फोनातच पडून व्हता. साडेतीन तास. आणि मला दाखवत व्हता, पोचला.

मी टेकडीवर गेले तवा तो थरथरला. मला वाटलं कुणाचा मेसेज आला. तवा तो गेला ना?

आणि मागल्या वर्षी आठाचा निरोप दहाला गेला व्हता, त्या दिशी मी मधी सरपन आणाया वर गेले व्हते. तुला मी लिहिलं व्हतं. तू लिहिलंस, काळजी करू नकोस.

आता मला सरळ सांग. तुला ठाऊक व्हतं का?

पुष्पा


पुणे, ३० ऑगस्ट २०२४

आत्या,

हो. ठाऊक होतं.

रेंज नसली तर निरोप फोनमध्ये थांबतो आणि रेंज आली की आपोआप जातो. पहिल्यापासून तसंच होतं. चाक फिरायचं म्हणजे तो थांबलेला असायचा. मी चाक काढलं आणि त्या जागी खूण ठेवली. शहरात असं सगळीकडं करतात. तिथं दोन सेकंदांत निरोप जातोच, मग माणसाला ताटकळत का ठेवायचं, असा विचार असतो.

आमच्याकडं ऋषी म्हणून मुलगा आहे, आतली यंत्रणा तो लिहितो. तो त्या मीटिंगमध्ये म्हणाला होता, “मॅडम, हे खोटं आहे. पोचला नसताना पोचला म्हणतोय आपण. निदान ‘थांबलाय’ असं तरी लिहू.” मी म्हणाले, घाबरलेल्या बाईला ‘थांबलाय’ दाखवायचं का? तरी तो ऐकेना. तेव्हा मी तुझं पत्र काढलं आणि वाचलं. त्यानंतर त्यानं हरकत सोडली. तुझं वाक्य मी वाद जिंकायला वापरलं, आत्या. तू चाक बघून बाया घाबरतात म्हणालीस, त्याचा अर्थ गाडी लवकर येऊ दे असा होता. मी तो भीती दिसू नये असा घेतला.

नोव्हेंबरचं तुझं पत्र वाचलं तेव्हा मला लगेच कळलं होतं. त्याच दिवशी मी साहेबांना लिहिलं. ते म्हणाले, बक्षिसाचं होऊ दे, मग बघू. बक्षीस झालं. मी परत विचारलं नाही. तुला ते चार ओळींचं पाठवलं. माझ्याकडं जुलैपर्यंत सहा महिने होते. तुला नुसतं ‘टेकडीवर जाऊन दाब’ एवढं कळवलं असतं तरी झालं असतं. कबूल करायचं जिवावर आलं.

सोबत दोन पानं जोडली आहेत, माझ्या सहीची. खूण कशी चालते, कुणी ठरवली, ऋषी काय म्हणाला, तुझं पत्र मला कधी मिळालं, सगळं त्यात आहे. एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टानं पाठवली, एक कंपनीला दिली. तू कुणालाही दाखव. कुशाबांच्या घरीही दाखव.

संस्थेचं उत्तर आलं की चौकशी पूर्ण झाली आहे. कंपनीनं अ‍ॅप दुरुस्त केलं. आता निरोप खरंच गेल्याशिवाय हिरवी खूण येत नाही. सगळ्यांना कळवलं की ‘किरकोळ सुधारणा’. मला त्या कामावरून काढून दुसऱ्या कामावर घातलंय, किराणा घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर. मी नोकरी सोडलेली नाही. सोडीन असं वाटलं होतं, पण रोज सकाळी उठते आणि जाते. हेपण तुला खोटं सांगायचं नाही.

मी माफी मागू का, हे मला कळत नाही.

सुप्रिया


तळेघर, १७ सप्टेंबर २०२४

सुप्रिया,

तुझी दोन पानं घेऊन मी कुशाबाच्या घरी गेले. जुलैपासून त्या घरात मी पाय ठेवला नव्हता. ती लोकं माझ्याशी बोलत न्हाईत. पाणवठ्यावर मी आले की बाया कळशा उचलून निघतात. मी दारातच उभी ऱ्हायले आणि म्हनले, एक कागद वाचते, मग जाते.

कुशाबा खाली मान घालून बसला व्हता. संपत आलेला व्हता रजेवर. आरोही आत भिंतीला टेकून व्हती. मी सगळं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाचताना मला वाटत व्हतं, आता ह्यांना कळंल की मी दहा पस्तीसला दाबलं व्हतं. माझ्यावरचा आळ जाईल. खरं सांगते, मी त्याच्यासाठीच गेले व्हते.

वाचून झालं. संपत म्हनला, “मंजी मशीन खोटं बोललं.”

मी म्हनले, हो.

कुशाबा म्हनला, “मशीन खोटं बोललं आसंल. पर गोकुळला जा म्हननारं तोंड तुजं व्हतं. तो दारात उभा व्हता. आमी तुजं ऐकलं, फोनाचं न्हाई.”

तुझ्या कागदानं माझा उशीर पुसला, पर माझं न्हाई म्हननं कोन पुसणार? त्यांनी माझ्यावर इश्वास ठेवला, मी तुझ्यावर ठेवला. भाचीनं बनवलंय म्हनून मी जास्त ठेवला. दुसऱ्या कुणाचं असतं तर आठाचा निरोप दहाला गेला त्याच दिशी मी ते फेकून दिलं असतं आणि टेकडी धरली असती.

मग आरोही उठून आली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हनली, “काकू, त्यात माजं नाव कुटं हाय?”

मी दोन्ही पानं परत बघितली. तुझं नाव हाय, ऋषीचं हाय, माझं तीन ठिकाणी हाय. तिचं न्हाई. तिच्या जागी तू ‘लाभार्थी’ लिहिलंस.

ती म्हनली, “लाभार्थी म्हंजी मी का?”

मी हो म्हनले. ती आत निघून गेली. कुशाबा म्हनला, जा आता.

संस्थेतनं परवा एक बाई आली व्हती. तुझ्या कागदामुळं गडबड झाली असावी. म्हनली, काम परत घ्या, आमी उशिराचा शेरा काढून टाकू. मी घेतलं न्हाई. मी कुणाच्या घरात शिरून कोणच्या तोंडानं सांगणार, गाडी येतीय म्हनून? श्रेयाला सांगितलं, पोरी, फोनात काय बी दिसू दे, दारात गाडी उभी असंल तर बाईला त्यात घाल. ते तिनं वहीत लिहून घेतलं.

माफीचं तू विचारलंस. तू माझ्याकडं मागू नको. माझ्याकडं मागितलीस तर मी देईन, तू माझ्या भावाची पोर हायेस, आणि ते बरं व्हणार न्हाई.

आरोही घट बसायच्या आत माहेरी जाणार हाय. परत येईल का, ते तिच्या घरच्यांना बी ठाऊक न्हाई. त्याच्या आधी तू ये. एसटीतनं तळेघरला उतरलीस की माझ्याकडं येऊ नको, सरळ वाडीत जा, कुणी बी कुशाबाचं घर दाखवील. तिला सांग, तू कोन हायेस ते. ती काय म्हनंल ते ऐकून घे. हाकललं तर दारात उभी ऱ्हा.

मी संगं येणार न्हाई.

पुष्पा